खिद्रापूरचा कोपेश्वर आणि यडूरचा नंदी

शंकराच्या देवळांत शिरतांना आधीं नंदीला हात लावावा, त्याच्या दोन शिंगांमधून पिंडीचें दर्शन घ्यावें आणि मग गाभाऱ्याकडे वळावें, ही रीत आपणां सर्वांच्या अंगवळणीं पडलेली आहे. घरांतील लहान मूलसुद्धां नंदीच्या पाठीवरून हात फिरविल्यावांचून पुढें सरकत नाहीं. परंतु कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदीं पूर्वेच्या टोकाला, कृष्णेच्या कांठीं, एक असें शिवालय आहे कीं, जेथें शंकरासमोर नंदीच नाहीं. तो कोणी फोडला किंवा पळविला असें गांवकरी सांगत नाहींत. नंदी कामासाठीं बाहेर गेला आहे, अशा थाटानें ते त्याची हकीकत सांगतात. शिरोळ तालुक्यांतील या खिद्रापूरच्या कोपेश्वरास आम्ही २०२३ सालच्या मार्गशीर्षांत सहकुटुंब जाऊन आलों.

जाण्यास निमित्त झाल्या आमच्या आत्याबाई. त्यांचें वय आतां ऐंशीच्या घरांत. सासर मिरजेचें, आणि आमचें बिऱ्हाड कोल्हापुरास. म्हणजे आगगाडीनें तास-सव्वा तासाची वाट. ही वाट तोडण्यास आम्हांला वीस वर्षें लागलीं. २००३ सालीं कुरुंदवाडचें आमचें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें, तेव्हां हक्कसोडपत्रावर आत्याबाईंची सही पाहिजे होती. त्या म्हणाल्या, "सही करीन, पण एकदां घर डोळे भरून पाहीन आणि मग करीन." आमच्या वडिलांना या बोलण्यांत अविश्वास दिसला. बोलण्यावरून बोलणें वाढलें. त्याच वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंचें लग्न निघालें आणि निमंत्रणाच्या यादींतून आत्याबाईंचें नांव गळलें. यादी मातोश्रींच्या हातची होती. नांव गाळावयास कोणी सांगितलें, हें घरांत कोणी कोणास विचारलें नाहीं. पुढें महिनाभरानें आत्याबाईंनीं सही केलेला कागद टपालानें पाठवून दिला. त्या स्वतः मात्र पुन्हां कधीं आल्या नाहींत. २०२२ च्या अखेरीस वडील वारले तेव्हां त्या आल्या, दारांत उभ्या राहिल्या आणि पाणीहि न घेतां परत गेल्या. म्हणून वर्षश्राद्धाच्या वेळीं आम्ही स्वतः मिरजेस गेलों आणि त्यांना घेऊन आलों. श्राद्ध झालें. घरांत सर्वजण एकमेकांशीं फार जपून, पाहुण्यासारखे बोलत होते. अशा वेळीं कोठें तरी बाहेर जाणें बरें असतें. आत्याबाईंना विचारलें, तर त्या तत्काळ म्हणाल्या, "खिद्रापूरला न्या. मी नऊ वर्षांची असतांना आप्पांबरोबर गेलें होतें. त्यानंतर नाहीं."

आप्पा म्हणजे आमचे आजोबा. कुरुंदवाडच्या शाळेंत ते मास्तर होते. १९५३ च्या सुमारास बैलगाडी करून त्यांनीं मुलीला कोपेश्वर दाखविला होता.

रविवारीं सकाळीं सातास आम्ही निघालों. मोटार धाकटे बंधु हांकीत होते. बरोबर आमचें कुटुंब, भावजय, दोन मुलें आणि आत्याबाई. मातोश्रींनीं गुडघ्यांचें कारण सांगितलें आणि त्या घरीं राहिल्या. दशम्या, दही, शेंगांची चटणी मात्र त्यांनीं पहाटे उठून बांधून दिली. खिद्रापूर कोल्हापुराहून सुमारें ६० किलोमीटर आहे. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं जेवणाचा डबा आणि पिण्याचें पाणी बरोबर ठेवावें, हें आम्ही अनुभवानें सांगतों. तेथें चहापलीकडे फारशी सोय होईल असें धरून चालूं नये. गळिताचा हंगाम असल्यामुळें रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती, आणि प्रत्येक गाडीमागें एक कांडें ओढून घेण्यासाठीं धांवणारीं पोरेंहि होतीं. कांहीं गोष्टी बदलत नाहींत.

वाटेंत नरसोबाची वाडी लागते, ती चुकवून पुढें जाणें आपल्या लोकांना शक्य नाहीं. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वतींनीं बारा वर्षें वास्तव्य केलें आणि पादुका ठेवून ते गाणगापुरास गेले, हें गुरुचरित्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पादुकांच्या देवळाला शिखर नाहीं. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टि येथें परत आली, म्हणून त्या बादशहानें हें देऊळ बांधविलें आणि जवळचीं औरवाड व गौरवाड हीं गांवें देवास दिलीं, अशी कथा आहे. बादशहानें बांधविलें म्हणून त्याची घडण मशिदीच्या वळणावर गेली, असें पुजारी मोठ्या अभिमानानें सांगतात. पावसाळ्यांत कृष्णेचें पाणी चढून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडूं लागलें कीं दक्षिणद्वाराचें स्नान करण्यास हजारों लोक लोटतात. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत मात्र नदीनें स्नानाची हौस कोणाची ठेवली नाहीं. सारा शिरोळ तालुका पाण्यांत होता. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाय धुतले, पादुकांचें दर्शन घेतलें आणि बासुंदी, कवठाची बर्फी परततांना घेऊं असें मुलांस वचन देऊन पुढें निघालों.

पुढें कुरुंदवाड. गांव जुन्या पटवर्धनी संस्थानाचें, त्यामुळें वाडे, घाट आणि बोळ अजून आपली पूर्वीची ऐट थोडीफार सांभाळून आहेत. आमचें घर ज्या गल्लींत होतें तिच्या तोंडाशीं बंधूंनीं मोटार हळू केली. घराच्या जागीं आतां सिमेंटची दुमजली इमारत आहे आणि खालीं दुकानें आहेत. "थांबायचं का, आत्या?" बंधूंनीं विचारलें. आत्याबाईंनीं कांचेंतून एकदां पाहिलें. "नको. पुढं चल," एवढेंच म्हणाल्या. वीस वर्षांपूर्वीं जें घर त्यांना एकदां पाहावयाचें होतें तें दाखविण्याची संधि आमच्या हातून गेली ती गेलीच.

याच तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें या चाली आपल्या गांवांतून बंद कराव्या, असा ठराव त्या गांवानें २०२२ च्या मे महिन्यांत केला आणि त्याचें नांव महाराष्ट्रभर झालें. भावजयीनें ती हकीकत मोटारींत सांगितली. आत्याबाईंना वैधव्य येऊन तीस वर्षें होत आलीं. त्या म्हणाल्या, "चांगलं केलं हो. सांगायला आधीं कोणीतरी लागतं." आणि मग त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या. शहरांतील मोठमोठ्या सभांना जें साधलें नाहीं, तें एका खेड्यानें बिनबोभाट केलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

खिद्रापूर हें लहानसें गांव. चहूंकडे काळी कसदार जमीन, उसाचे फड, आणि पलीकडे कृष्णेचें संथ पात्र. डोंगर नाहीं, कीं दगडाची खाण दृष्टीस पडत नाहीं. अशा मऊ मातीच्या प्रदेशांत एवढे काळे पाषाण आणले कोठून आणि कसे, हा विचार देऊळ दिसण्यापूर्वींच मनांत येतो. गांवांतील साध्या घरांच्या मधून वळण घेऊन पुढें गेलें कीं एकाएकीं तें समोर उभें राहतें. बाहेरून पाहणाऱ्यास वाटतें, ही एकच अखंड कोरीव टेकडी आहे.

आंत शिरतांच प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. इतका सुंदर मंडप आम्हीं दक्षिणेंतहि क्वचित् पाहिला असेल. चारी दिशांनीं मोकळा, ४८ खांबांवर उभारलेला, आणि मध्यभागीं छतच नाहीं. सुमारें १३ फूट व्यासाचें वर्तुळ वर मोकळें सोडलेलें आहे व त्यांतून निळें आकाश खालीं पाहतें. त्याच्या बरोबर खालीं, जमिनीवर, तेवढ्याच आकाराची एक गोल शिळा बसविलेली आहे. तिच्या भोंवतीं बारा खांबांचें कडें. खांब इतके गुळगुळीत कीं, चरकावर धरून कातल्यासारखे वाटतात. वर्तुळाच्या कडेनें आंतल्या बाजूस कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह विराजमान झालेले आहेत. यज्ञाचा धूर बाहेर जावा म्हणून हें गवाक्ष ठेविलें, असें कोणी सांगतात. कोणी म्हणतात, काम अपुरें राहिलें. आम्हांस दुसरें म्हणणें मुळींच पटत नाहीं. ज्यानें खालीं शिळा बसविली त्याला वर काय हवें होतें तें पक्कें ठाऊक असलें पाहिजे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं चंद्र या वर्तुळावर आला कीं मंडपांत चांदणें उतरतें. तें पाहावयास हल्लीं दूरदूरचे लोक जमतात. आम्ही गेलों तो भर सकाळचा प्रहर होता. शिळेवर उन्हाचा एक गोल तुकडा पडला होता आणि आमचीं मुलें त्यांत उभीं राहून वर तोंड करून गोल फिरत होतीं. खिशांतील दूरध्वनि काढून छायाचित्रें घेणाऱ्या तरुण मंडळींचीहि गर्दी होती. पण दहा मिनिटांत तीं मंडळी निघून गेली आणि मंडप पुन्हां शांत झाला.

मंडपांतून सभामंडपांत गेलें कीं एकदम अंधार. जाळ्यांतून झिरपणाऱ्या उजेडाला डोळे सरावेपर्यंत चांचपडत चालावें लागतें. मग एकेक खांब, एकेक द्वारपाल वर येऊं लागतो. आंत अंतराळ आणि गाभारा. गाभाऱ्यांत एक नव्हे, दोन लिंगें आहेत: एक कोपेश्वर, दुसरें धोपेश्वर. पहिला शंकर आणि दुसरा विष्णु. हरि आणि हर एकाच गाभाऱ्यांत लिंगरूपानें शेजारीं शेजारीं बसलेले पाहून आमच्या कुटुंबास फार नवल वाटलें.

बाहेरच्या भिंतींचें कोरीवकाम पाहावयास एक दिवस पुरणार नाहीं. तळाशीं हत्तींची रांग आहे. जणूं साऱ्या देवळाचें ओझें त्यांनीं पाठीवर घेतलें आहे. हे हत्ती ९२ असल्याचें सांगतात. मुलांनीं मोजावयास आरंभ केला आणि दोघांचे आंकडे जुळेनात म्हणून शेवटीं भांडण झालें. पुष्कळ हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. औरंगजेबाच्या स्वारींत त्या फुटल्या असें गांवकरी म्हणतात. हत्तींच्या पाठीवर देवदेवता, आणि वर भिंतीवर सुरसुंदरी, पशुपक्षी, कथाप्रसंग. एवढें सारें काम अंगावर घेऊनहि देऊळ जड दिसत नाहीं. भिंतींची घडणच तारकेच्या आकाराची असल्यानें प्रत्येक कोनावर ऊन आणि सांवली आळीपाळीनें पडते. शेजारींच आदिनाथाचें जुनें जैन मंदिरहि आहे, तें अवश्य पाहावें. कोल्हापूरच्या शिलाहार राजांनीं दोन्ही पंथांस आश्रय दिला, त्याची ती साक्षच होय.

हें देऊळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, शिलाहार गंडरादित्याच्या काळीं आकारास आलें असें सामान्यतः मानतात. परंतु स्थान त्याहून जुनें असावें. इ. स. १०५४ मध्यें चालुक्यांचा पहिला सोमेश्वर आणि चोळांचा राजाधिराज यांची ‘कोप्पम्’ नांवाच्या ठिकाणीं मोठ्या नदीच्या कांठीं घनघोर लढाई झाली. राजाधिराज हत्तीवरच ठार झाला. त्याचा धाकटा भाऊ राजेंद्र यानें हातघाईवर आलेली लढाई सांवरली आणि रणांगणावरच स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला. तमिळ लेखांत त्या मेलेल्या राजाला ‘हत्तीच्या पाठीवर निधन पावलेला’ असेंच म्हटलेलें आढळतें. फ्लीटसाहेबांनीं हें कोप्पम् म्हणजेच कोपेश्वराचें खिद्रापूर असें ठरविलें. इतर पंडित कर्नाटकांतील कोप्पळकडे बोट दाखवितात. वाद पंडितांचा आहे. पण हत्तींच्या त्या रांगेपाशीं उभें राहून ही हकीकत सांगितली तेव्हां आमच्या मुलांनीं भांडण सोडून ऐकलें, एवढें खरें.

देवळांत कांहीं लेख जुन्या कानडी लिपींत आहेत. दक्षिणेकडील दाराजवळ मात्र नागरी लिपींतला एक संस्कृत लेख आहे, आणि तोच आमच्या या प्रवासांत अनपेक्षितपणें कामास आला. देवगिरीच्या यादव सिंघणानें १२१२ च्या सुमारास पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाचा पराभव करून शिलाहारांचें राज्य बुडविलें. लगेच पुढें, म्हणजे १२१३-१४ मध्यें, त्याच सिंघणानें कोपेश्वरास एक गांव दान दिलें. ज्याचें राज्य घेतलें त्याच्याच देवाची पूजा चालावी म्हणून जेत्यानें इनाम द्यावें, ही जुन्या राजनीतींतील गोष्ट आम्हांस नेहमीं विचार करावयास लावते. त्यांत धर्मबुद्धि किती आणि नव्या प्रजेस आपलेंसें करण्याचें धोरण किती, हें कोणी तोलावें? तें असो. दान दिलेल्या गांवाचें नांव लेखांत ‘कूडलदामवाड’ असें आहे. कूडल म्हणजे कानडींत संगम. हें गांव म्हणजे आपलें कुरुंदवाडच.

हें आम्हीं मोठ्यानें सांगितलें तेव्हां आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "म्हणजे आपलं कुरुंदवाड देवाला दिलेलं?"

"हो. आठशें वर्षांपूर्वीं."

"मग दादानं विकलं तें घर कोणाचं होतं रे?" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हांसूं लागल्या. आमच्या वडिलांना त्या दादा म्हणत. बंधु प्रथम गोंधळले, मग तेहि हांसले. आत्याबाई आमच्या घरीं आल्यापासून हांसल्या त्या हीच पहिली वेळ.

इतक्यांत पूजा आटोपून गुरवबुवा बाहेर आले. वृद्ध, बोलके गृहस्थ. आमच्या मुलांनीं त्यांना विचारलें, नंदी कोठें आहे? या प्रश्नाची ते जणूं वाटच पाहत होते. त्यांनीं कथा सांगितली ती अशी:

दक्षप्रजापतीनें मोठा यज्ञ मांडला. साऱ्या देवांना बोलावणीं गेलीं. स्वतःच्या मुलीला, सतीला, आणि जांवयाला मात्र गेलें नाहीं. आकाशांतून विमानांत बसून नटूनथटून चाललेल्या बायका पाहून सतीला राहवेना. शंकरांनीं नको म्हटलें, तरी ती निघाली. शंकरांनीं तिच्यासोबत नंदीला दिलें. माहेरीं तिला कोणी या-बसा म्हटलें नाहीं, आणि भर मंडपांत बापानें जांवयाची निंदा केली. तेव्हां तिनें देह टाकला. वार्ता ऐकून शंकर कोपले. जटा आपटून त्यांनीं वीरभद्र निर्माण केला आणि त्यानें यज्ञाचा विध्वंस केला. पण कोप कांहीं शमेना. तेव्हां विष्णूंनीं त्यांची समजूत घालून त्यांना या कृष्णाकांठीं आणलें आणि आपणहि शेजारीं बसले. कोपलेला तो कोपेश्वर, समजूत घालणारा तो धोपेश्वर. नंदी सतीला घेऊन गेला तो गेलाच. तो तिकडे यडूरला आहे. म्हणून येथें नंदी नाहीं.

कथा सांगून झाल्यावर गुरवबुवांनीं मुलींकडे पाहून रिवाजाप्रमाणें पुस्ती जोडली: "म्हणून बोलावणं नसतांना माहेरीं जाऊं नये."

आमचें कुटुंब आणि भावजय दोघी एकदम खालीं पाहूं लागल्या. बंधु उगाच मुलाच्या बुटाचा बंद बांधावयास वांकले. आत्याबाई मात्र शांतपणें म्हणाल्या, "बुवा, तिनं न बोलावतां जायला नको होतं हें खरं. पण बापानं बोलवायला हवं होतं, हें तुम्ही नाहीं सांगितलंत."

गुरवबुवा क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, "बाई, त्याबद्दल तर त्याला बोकडाचं मुंडकं लागलं!"

येथें आम्हांस भागवताची आठवण झाली. आमचे वडील दर चातुर्मासांत भागवत वाचीत आणि चौथ्या स्कंधांतील हा भाग आम्हीं लहानपणीं कितीदां तरी ऐकलेला आहे. तेथें सती शंकरांस म्हणते कीं, बापाच्या घरीं, गुरूच्या घरीं, स्नेह्याच्या घरीं आमंत्रणावांचूनहि जातात. आणि शंकर तिचें म्हणणें खोडून काढीत नाहींत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तुझें बोलणें योग्यच आहे, असें ते म्हणतात. फक्त एक अट घालतात. त्या घरच्या माणसांची दृष्टि अभिमानानें आणि रागानें मळलेली नसली पाहिजे. सती वृषभावर बसून गेल्याचेंहि भागवतांत आहे. म्हणजे खिद्रापूरच्या नंदीची गैरहजेरी ही कांहीं गांवानें रचलेली नुसती गंमत नव्हे, तिला पुराणाचा आधार आहे. विष्णूनें शंकरास कृष्णाकांठीं आणून बसविल्याचा भाग तेवढा या मातीचा. रागावलेल्या माणसाला एकटें सोडूं नये, त्याच्या शेजारीं जाऊन बसावें, हें या मातींतल्या कोणी तरी शहाण्या माणसास सुचलें असावें. आम्हीं भागवतांतील तो संवाद आत्याबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "दादा वाचायचा ना हें?" आम्ही होय म्हणालों. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

थोड्या वेळानें त्यांनीं एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस अगदीं नवी होती. नऊ वर्षांच्या असतांना त्यांनीं आप्पांना हाच प्रश्न केला होता: नंदी कोठें? आप्पांनीं हीच कथा सांगितली. तेव्हां यडूरला जाऊं म्हणून त्यांनीं हट्ट धरला. बैल दमले होते, दिवस कलला होता. "पुढच्या खेपेला नेतो," असें आप्पा म्हणाले. पुढची खेप झालीच नाहीं.

वास्तविक आमचा बेत नदीकांठीं दशम्या खाऊन परतण्याचा होता. वाडीस दुपारचा प्रसाद मिळाला तर पाहावें, असाहि विचार होता. बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें, मोटारीची किल्ली काढली आणि म्हणाले, "आत्या, यडूरला चला." लग्न त्यांचेंच होतें, आत्याबाईंना अक्षत गेली नव्हती ती त्यांच्याच लग्नाची.

झाडाखालीं घाईघाईनें जेवून आम्ही निघालों. राज्याची सीमा ओलांडली कीं पाट्या कानडी होतात, बाकी जमीन तीच, ऊस तोच, आणि माणसें दोन्ही भाषा सारख्याच सहजतेनें बोलतात. यडूर बेळगांव जिल्ह्यांत, तेंहि कृष्णेच्याच कांठीं. येथला मुख्य देव वीरभद्र. दक्षाच्या यज्ञाचा ज्यानें विध्वंस केला तोच हा. तेव्हां सतीच्या कथेंतील उरलेला भाग येथें येऊन पुरा होतो. भस्माचे पट्टे लावलेले भाविक, ढोलाचा आवाज, नारळ फोडण्याची गर्दी, असें तें जागतें क्षेत्र आहे. खिद्रापूरची शिल्पकला येथें शोधूं नये. खिद्रापूर पाहावयास जावें, यडूर नमस्कारास.

नंदीसमोर गर्दी नव्हती. आत्याबाईंनीं हातांतली काठी भावजयीकडे दिली आणि त्या नंदीच्या अगदीं जवळ जाऊन बसल्या. त्यांनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहान मुलें ठेवतात तसा, पुरा पंजा टेकून. आम्ही मागें उभे होतों. एक कानडी बाई फुलें घेऊन आली, तिनें आत्याबाईंना बाजूस व्हा असें कांहीं म्हटलें नाहीं, त्यांच्याच हातांत दोन फुलें दिलीं आणि आपलीं उरलेलीं वाहून निघून गेली. बराच वेळ तसा गेला. धाकट्या मुलीनें हळूच विचारलें, "आजी, हा परत कधीं जाणार?" आत्याबाई म्हणाल्या, "तिला एकटीला टाकून कसा जाईल ग?"

उठतांना त्यांनीं बंधूंच्या खांद्याचा आधार घेतला. बंधु म्हणाले, "आत्या, माझ्या लग्नांत..." त्यांना पुढें बोलवेना. "तुझं वय काय होतं तेव्हां! चल, ऊन उतरलं," असें म्हणून त्या चालूं लागल्या.

परततांना वाडीस दिवे लागले होते. मुलांना दिलेलें वचन पाळणें भाग होतें. बर्फीचे डबे घेतांना आत्याबाईंनीं कनवटीचे पैसे काढून एक डबा वेगळा बांधून घेतला आणि तो स्वतःच्या पिशवींत ठेवला. कोल्हापुरास पोंचलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. मातोश्री दारांतच उभ्या होत्या. आत्याबाईंनीं पिशवींतून डबा काढून त्यांच्या हातीं दिला आणि म्हणाल्या, "वहिनी, कवठाची आहे. तुम्हांला आवडायची."

मातोश्रींनीं डबा घेतला. "उशीर कां झाला?"

"यडूरला गेलों होतों. नंदी पाहिला."

जेवणें झाल्यावर आम्ही निजावयास गेलों तरी स्वयंपाकघरांत दिवा जळत होता. दोघीजणी बोलत बसल्या होत्या. मध्येंच भांड्यांचा आवाज येई, मध्येंच बराच वेळ कांहींच येत नसे. सकाळीं चहाच्या वेळीं आत्याबाईंनीं मिरजेच्या गाडीची चौकशी केली. आम्ही वेळापत्रक पाहूं लागलों, तेवढ्यांत मातोश्री आंतून म्हणाल्या, "पाहूं नकोस रे. त्या संक्रांत करून जाणार आहेत."